तराजू कोणी तपासला?

(शोशाना झुबॉफ यांच्या 'इन द एज ऑफ द स्मार्ट मशीन' या पुस्तकाच्या निमित्ताने)

वाणी ज्या तराजूने आपल्याला साखर मोजून देतो, तो तराजू त्याला ठरावीक मुदतीने वजनमापे निरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो. तपासणी झाली की तराजूवर शिक्का बसतो. बिनशिक्क्याच्या तराजूने माल विकणे कायद्याविरुद्ध आहे. वाणी कितीही सज्जन असो, तराजू कितीही नवा असो, कायदा दोघांपैकी कोणावरही विसंबत नाही. प्रयोगशाळेतही हाच रिवाज असतो. ज्ञात वजन ठेवून तराजू तपासल्याशिवाय त्यावर मोजलेला आकडा आम्ही वहीत लिहीत नाही, आणि लिहिला तर त्यापुढे संभाव्य चूकही लिहितो.

आता दुसऱ्या एका तराजूकडे पाहू. गेल्या काही दशकांत बँका, विमान कंपन्या, रेल्वे, टपाल खाती, रुग्णालये आणि शाळा यांच्या कारभारात संगणकीय माहिती प्रणाली आल्या. कोणाकडे किती पैसे आहेत, कोणी किती काम केले, कोठे तूट आली, कोण हजर होते, हे त्या मोजतात. त्यांच्या आकड्यांवर बढत्या होतात, चौकशा लागतात, क्वचित माणसे तुरुंगातही जातात. या तराजूवर शिक्का कोण मारतो? व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न सहसा भेटत नाही. या विषयावरच्या एका उत्तम आणि गाजलेल्या पुस्तकातही तो पुरेसा विचारलेला नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे येथे सांगायचे आहे. शिक्षकांना हा विषय परका वाटू नये. पट, उपस्थिती, पोषण आहार, निकाल अशा किती नोंदी आज शाळेतून संगणकावर भराव्या लागतात हे त्यांना आम्ही सांगायला नको.

पाठ्यपुस्तकातील अर्धी गोष्ट

माहिती प्रणालीमुळे उद्योगाचे धोरण कसे बदलते हे शिकवताना हमखास दिले जाणारे उदाहरण म्हणजे अमेरिकन एअरलाइन्स या विमान कंपनीची 'सेबर' ही आरक्षण प्रणाली. आयबीएम कंपनीच्या साहाय्याने बांधलेली ही प्रणाली १९६४ साली पूर्णपणे कामाला लागली. त्याआधी एका जागेचे आरक्षण म्हणजे कार्डे, फोन आणि बराच वेळ, असा प्रकार होता. सेबरमुळे कोणत्या विमानात किती जागा शिल्लक आहेत हे तत्काळ कळू लागले. १९७६ पासून कंपनीने या प्रणालीचे पडदे ट्रॅव्हल एजंटांच्या कचेऱ्यांत बसवायला सुरुवात केली. मग आरक्षणाची सोय हाच एक मोठा धंदा झाला. माहिती ही कशी शक्ती आहे याचा हा धडा, असे सांगून पाठ्यपुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग असा. या पडद्यावर इतर कंपन्यांचीही विमाने दिसत, परंतु ओळींचा क्रम ठरवण्याचे काम पडदा पुरवणाऱ्या कंपनीच्या हाती होते. तिची स्वतःची विमाने वरच्या ओळींत येतील अशी योजना केलेली होती. एजंटापुढे गिऱ्हाईक बसलेले असे, फोन वाजत असे. तो बहुधा पहिल्याच पडद्यावरचे, त्यातही वरचे विमान सुचवी. खाली किंवा पुढच्या पडद्यावर ढकललेली विमाने आकाशात उडत होती, पण बाजारात जणू नव्हतीच. अखेर अमेरिकेच्या सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्डाने १९८४ साली नियम करून अशा पक्षपाती मांडणीस मनाई केली.

पडद्यावर एकही आकडा खोटा नव्हता, हे या प्रकरणात लक्षात घेण्याजोगे आहे. वेळा बरोबर, भाडी बरोबर, तरीही एकूण चित्र वाकडे. माहिती प्रणाली हा संस्थेचा आरसा आहे, ती जसे आहे तसे दाखवते, ही समजूत येथेच कोलमडते. कोणत्या गोष्टी मोजायच्या, कोणत्या आधी दाखवायच्या आणि कोणाला दाखवायच्या हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. तो ठरवणारा संगणकाच्या मागे उभा असतो, म्हणून दिसत नाही.

गिरणीतले दार

झुबॉफ यांचे पुस्तक १९८८ साली प्रसिद्ध झाले. कामाचे आणि सत्तेचे भवितव्य असा त्याच्या उपशीर्षकाचा आशय आहे. लेखिका हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापन विद्यालयात अध्यापन करीत होत्या. पुस्तक मात्र कचेरीत बसून लिहिलेले नाही. लगदा आणि कागद बनवणाऱ्या गिरण्या, विमा कचेरी, टेलिफोन कंपनी, औषध कंपनी, बँक अशा ठिकाणी संगणक येत असताना त्या तेथे वारंवार गेल्या, कामगारांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलल्या. असे प्रत्यक्ष निरीक्षण हे या पुस्तकाचे पहिले बळ आहे.

कागद गिरण्यांवरची प्रकरणे विज्ञानशिक्षकांनी अवश्य वाचावीत अशी आहेत. जुने कामगार लगद्यावर थाप मारून त्याची प्रत सांगत. कागद पुरेसा सुकला की नाही हे यंत्राजवळच्या हवेतल्या विजेमुळे हातावरचे केस कसे उभे राहतात त्यावरून एका कामगाराला कळे. हे ज्ञान त्यांच्या शरीरात होते. कोणत्याही पुस्तकात नव्हते. मग नियंत्रण कक्ष बांधला गेला. कामगार काचेआड, थंड हवेत, पडद्यासमोर बसले. आकडे समोर, लगदा पलीकडे. या कक्षाला धूर आणि वायू आत येऊ नयेत म्हणून स्वयंचलित दारे होती आणि ती उघडायला थोडा वेळ लागे. कामगारांना तेवढा वेळही धीर धरवत नसे. खांद्याने, बुटाने जोर लावून ते दारे उघडत आणि यंत्राकडे धावत. पडदा काय म्हणतो हे त्यांना कळले होते, पण ते खरे आहे का हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हते.

या निरीक्षणांतून लेखिकेने एक महत्त्वाचा भेद मांडला आहे. यंत्र माणसाचे काम स्वतः करू लागते, याला त्या 'ऑटोमेट' म्हणतात. पण संगणकीय यंत्र त्याबरोबरच आणखी एक गोष्ट करते. ते कामाची नोंद ठेवते, पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी दिसत्या करते. यासाठी त्यांनी 'इन्फर्मेट' हा नवा शब्द घडवला. कामाची माहिती अशी दिसू लागली की व्यवस्थापनापुढे दोन वाटा असतात. एक, ती माहिती कामगारांच्याही हाती द्यायची, त्यांना आकड्यांचा अर्थ लावायला शिकवायचे आणि निर्णयात सहभागी करून घ्यायचे. दुसरी, ती वरिष्ठांकडेच ठेवायची आणि तिचा उपयोग पाळत ठेवण्यासाठी करायचा.

दुसऱ्या वाटेचे दुष्परिणाम पुस्तकात जागोजाग दिसतात. विमा कचेरीतल्या कारकुनांना संगणक येण्यापूर्वीचे आणि नंतरचे आपले चित्र काढायला सांगितले, तेव्हा 'नंतर'च्या चित्रांत काहींनी स्वतःला टेबलाशी साखळीने जखडलेले, कैद्याच्या कपड्यांतले दाखवले. औषध कंपनीत कर्मचाऱ्यांना संगणकावरून एकमेकांशी चर्चा करण्याची सोय झाली. सुरुवातीला चर्चा मोकळी, थट्टामस्करीची आणि कामाच्या दृष्टीनेही उपयुक्त होती. वरिष्ठ ती वाचतात हे कळताच लोक जपून लिहू लागले आणि ती सोय निर्जीव झाली. तंत्र तेच राहिले. पाहणाऱ्याची नजर बदलली तशी माणसे बदलली.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत इतकी माणसे क्वचितच भेटतात. संगणक आला म्हणजे कारभार आपोआप सुधारतो, किंवा आपोआप बिघडतो, अशा दोन्ही भोळ्या समजुती लेखिकेने खोडून काढल्या आहेत. तंत्रज्ञान शक्यता उघडते. कोणती शक्यता प्रत्यक्षात येईल हे सत्ता कोणाच्या हाती आहे यावर ठरते, हा त्यांचा निष्कर्ष तीस-पस्तीस वर्षांनंतरही टिकून आहे.

आमचा आक्षेप

आता त्या दाराकडे पुन्हा वळू. पडद्यावरचा आकडा खरा आहे हे कशावरून, असा प्रश्न कामगारांना छळत होता, हे लेखिकेने स्वतःच नोंदवले आहे. तो त्यांनी गांभीर्याने घेतला आहे, पण संक्रमणकाळातील एक क्लेश म्हणून. शरीराने काम करणारा माणूस बुद्धीने, चिन्हांच्या साहाय्याने काम करायला शिकेल, आकड्यांतून यंत्राचे चित्र मनात उभे करील, तसा हा क्लेश ओसरेल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. म्हणजे शंका ही शिकण्याच्या वाटेवरची एक पायरी ठरते. ती मागे टाकायची असते.

येथे आमचा मतभेद आहे. विज्ञानात शंका ही मागे टाकण्याची पायरी नसते. नवशिक्या विद्यार्थी तापमापकावर चटकन विश्वास ठेवतो. मुरलेला संशोधक आधी तो बर्फात आणि उकळत्या पाण्यात बुडवून पाहतो. अनुभव वाढतो तशी शंका अधिक नेमकी होते. दारावर धडक देणारा तो कामगार मागासलेला नव्हता. पडद्यावरचा आकडा दुसऱ्या, स्वतंत्र साधनाने पडताळून पाहणे, हे आम्ही ज्याला मोजमापाची शिस्त म्हणतो, तेच तो करीत होता.

माहिती कोणाच्या हाती असावी, हा पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. ती चुकीची असेल तर काय, हा प्रश्न कडेला राहून जातो. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेचे जे चित्र लेखिकेने रंगवले आहे, त्यातही पाहणाऱ्याला सर्व काही स्पष्ट दिसते असे गृहीत आहे. पण पाळत ठेवणारी भिंगच सदोष असेल तर? त्यावेळी धोका वेगळाच असतो. जे घडलेच नाही ते पाहिल्याचा दावा करणारी सत्ता निर्माण होते. ही नुसती कल्पना नाही. इंग्लंडमध्ये ते घडले आहे.

टपाल कचेरीतील तूट

ब्रिटनमधील बहुसंख्य लहान टपाल कचेऱ्या सरकारी नोकर चालवत नाहीत. गावातले एखादे दुकानदार जोडपे टपाल खात्याशी करार करून कचेरी चालवते. तिकिटे, मनीऑर्डरी, निवृत्तिवेतन, बिलांचा भरणा अशी कामे तेथे होतात. करारानुसार हिशेबात तूट आली तर ती सामान्यतः पोस्टमास्तराने भरून द्यायची असते. १९९९ पासून या कचेऱ्यांतून कागदी हिशेब जाऊन 'होरायझन' ही संगणकीय प्रणाली आली. ती फुजित्सू समूहातील आयसीएल या कंपनीने बांधली होती.

थोड्याच काळात अनेक कचेऱ्यांच्या हिशेबात अकारण तूट दिसू लागली. हॅम्पशायरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यात जो हॅमिल्टन यांच्या पडद्यावर सुमारे दोन हजार पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतकेंद्राला फोन केला, सांगितले तसे केले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती तूट दुप्पट झाली. स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथे २०१५ साली उघडकीस आलेला दोष तर गणिताच्या तासाला सांगण्यासारखा आहे. आठ हजार पौंड एका कचेरीतून तिच्याच फिरत्या शाखेत पाठवल्याची नोंद करायची होती. पडदा अडकल्यासारखा झाला म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली आणि तीच रक्कम चार वेळा नोंदली गेली. प्रत्यक्षात हाती आले ८,००० पौंड. प्रणालीच्या मते ३२,०००. म्हणजे २४,००० पौंडांची तूट, जी कोणाच्याही खिशात नव्हती.

यंत्रात चुका असणे ही काही आश्चर्याची गोष्ट नाही. एवढ्या मोठ्या प्रणालीत त्या असणारच. आश्चर्य वाटते ते त्या चुकांभोवती संस्थेने जो आकार घेतला त्याचे. हिशेबाचा काळ संपला की पडद्यावरचा आकडा मान्य केल्याखेरीज पुढच्या काळाचा हिशेब सुरू करता येत नसे. 'मला हा आकडा मान्य नाही' असे नोंदवण्याची कळच त्यात नव्हती. मान्य करावे तर पैसे भरा, नाहीतर तूट लपवल्याचा, खोटे हिशेब लिहिल्याचा आरोप. तूट कोठून आली हे शोधण्यासाठी लागणारा तपशील पोस्टमास्तरांना उपलब्ध नव्हता. मदतकेंद्राला विचारले तर अशी अडचण फक्त तुम्हालाच येते आहे, असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे सांगितले. शेकडो माणसे एकाच वेळी आपापल्या गावात एकटी पडली होती. बाहेरून कोणालाही शाखेच्या हिशेबात फेरफार करता येत नाही, असे टपाल खाते सांगत राहिले. पुढे न्यायालयात ते खरे नसल्याचे सिद्ध झाले.

तक्रारदार, तपासनीस आणि फिर्यादी या तिन्ही भूमिका टपाल खात्याकडेच होत्या, कारण स्वतः खटले भरण्याची मुभा त्याला होती. १९९९ ते २०१५ या काळात होरायझनच्या आकड्यांच्या आधारे नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवण्यात आले. त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द टपाल खात्याने चालवलेले होते. सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये पंधरा महिन्यांची कैद झाली, तेव्हा त्या गर्भवती होत्या आणि तो त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. अनेकांनी घरे गहाण टाकली, अनेकांचे दिवाळे निघाले. चौकशी आयोगाच्या जुलै २०२५ मधील अहवालाने किमान तेरा आत्महत्यांचा संबंध या प्रकरणाशी असू शकतो, असे म्हटले आहे.

येथे कायद्याचा एक तपशील फार बोलका आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यानुसार संगणकाची नोंद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून द्यायची तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. ही अट जाचक वाटल्याने १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकली. त्यानंतर, उलट पुरावा नसेल तर यंत्र नीट चालत होते असे न्यायालयाने मानायचे. उलट पुरावा कोणी द्यायचा? ज्याच्याकडे यंत्राचा तपशीलच नाही अशा खेड्यातल्या पोस्टमास्तराने! ज्या वर्षी हा तराजू देशभर बसवायला सुरुवात झाली, त्याच वर्षी त्यावरचा शिक्का तपासण्याची अट उठवणारा कायदा झाला.

अ‍ॅलन बेट्स या पोस्टमास्तरांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला. डिसेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि त्यांमुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती, असा निर्णय दिला. पुरावा समोर असताना ते नाकारत राहणे म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे असा हट्ट धरण्यासारखे आहे, अशा आशयाचे मतही त्यांनी नोंदवले. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, त्यांत हॅमिल्टन आणि मिश्राही होत्या. २०२४ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या.

झुबॉफ यांच्या चौकटीत हे प्रकरण अर्धेच बसते. माहिती एकाच बाजूच्या हाती होती, हे त्यांच्या सिद्धान्ताला धरून आहे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. चौकशी करणाऱ्यांनी 'पैसे कोठे गेले?' हा प्रश्न विचारला. 'पैसे गेले आहेत का?' हा त्याआधीचा प्रश्न त्यांच्या मनात उमटला नाही, कारण प्रणालीने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. माहिती प्रणाली संस्थेला घडवते ती अशी. कोणते प्रश्न विचारण्याजोगे आहेत हेच ती ठरवून टाकते.

साठ नॅनोसेकंद

याच सुमारास विज्ञानात घडलेल्या एका प्रसंगाशी याची तुलना करून पाहावी. सप्टेंबर २०११ मध्ये 'ऑपेरा' या प्रयोगातील शास्त्रज्ञांनी एक चमत्कारिक मोजमाप जाहीर केले. जिनिव्हाजवळच्या सर्न येथून निघून जमिनीतून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून इटलीतील ग्रान सास्सो येथे पोचणारे न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचत होते! हे खरे असते तर आइनस्टाइनच्या सिद्धान्ताला तडा गेला असता. शास्त्रज्ञांनी महिनोन् महिने आपलेच यंत्र तपासले. चूक सापडली नाही तेव्हा त्यांनी सर्व तपशील जगापुढे ठेवला आणि आमची चूक शोधा असे आवाहन केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये घड्याळाला वेळेचा संकेत पोचवणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसली नव्हती हे आढळले. त्याच वर्षी इतर गटांनी स्वतंत्रपणे केलेल्या मोजमापांतही न्यूट्रिनोचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला.

एक सैल जोडणी शोधण्यासाठी एवढा खटाटोप झाला, तो यंत्राच्या आकड्यापेक्षा आइनस्टाइनच्या सिद्धान्ताची पत अधिक होती म्हणून. यंत्र आणि आइनस्टाइन यांच्यात तंटा झाला तेव्हा सर्वांनी यंत्राकडे संशयाने पाहिले. यंत्र आणि खेड्यातली पोस्टमास्तरीण यांच्यात तंटा झाला तेव्हा संशय बाईंवर गेला. वर्षानुवर्षे इमानाने कचेरी चालवणाऱ्या शेकडो माणसांची साक्ष हादेखील एक पुरावाच होता. तो कोणी पुरावा मानला नाही. संशय कोणाकडे वळतो हे यंत्राच्या गुणवत्तेवर ठरले नाही. समोरच्या माणसाच्या प्रतिष्ठेवर ठरले.

यावर कोणी म्हणेल, कागदी हिशेबात चुका नव्हत्या का? होत्या, भरपूर होत्या. अफरातफरही होत असे. संगणक काढून टाका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण कागदावरच्या चुकीला एक माणूस चिकटलेला असे. त्याचे अक्षर ओळखता येई, खाडाखोड दिसे, म्हणून त्या आकड्याकडे सगळेच थोड्या संशयाने पाहत. पडद्यावरचा आकडा स्वच्छ दिसतो. त्यावर कोणाचे अक्षर नसते आणि खाडाखोड दिसत नाही. ही स्वच्छता म्हणजे अचूकता नव्हे, हे आपल्याला पुन्हा शिकावे लागणार आहे.

मग शिक्का कसा मारायचा?

मोजमापाच्या शिस्तीतून तीन साध्या अटी निघतात. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती पूर्ण तपशिलासह पाहता आली पाहिजे. नोंद मान्य नाही असे म्हणण्याची जागा प्रणालीतच असली पाहिजे, आणि त्या हरकतीचा निवाडा प्रणालीच्या मालकाने करू नये. तिसरी अट अशी की महत्त्वाच्या प्रत्येक आकड्याला दुसरा, स्वतंत्र साधनाने मिळालेला आकडा सोबत हवा. बँकेच्या खातेवहीसमोर आपण जपून ठेवलेल्या पावत्या असतात, दोन्ही जुळतात का हे पाहता येते, म्हणून आपण निश्चिंत झोपतो.

आपल्याकडे संगणकीय नोंदींच्या पुराव्यासाठी प्रमाणपत्राची अट २००० सालापासून पुरावा कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये संगणकाचा ताबा असणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही मागितली आहे. केवळ ताबेदाराचे प्रमाणपत्र म्हणजे वाण्यानेच आपल्या तराजूवर शिक्का मारणे झाले असते. त्या दृष्टीने हे पाऊल योग्य दिशेने पडले आहे. परंतु न्यायालयापर्यंत जाणाऱ्या नोंदी थोड्या असतात. आपल्या रोजच्या जीवनाचा निवाडा करणाऱ्या नोंदी कचेऱ्यांतच राहतात. नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे 'नोंद जुळत नाही' असे पडद्यावर येते, आणि समोर उभा असलेला जिताजागता विद्यार्थी आपण तोच आहोत हे सिद्ध करण्याच्या मागे लागतो. अशा वेळी शिक्षक कोणाच्या बाजूने उभा राहतो, यावर बरेच अवलंबून असते.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. आठवडाभर रोज एकाच वेळी शाळेतील उपस्थिती तीन गटांनी स्वतंत्रपणे मोजावी. एकाने हजेरीपटावरून, दुसऱ्याने वर्गावर्गांत जाऊन डोकी मोजून, तिसऱ्याने दुपारच्या ताटांवरून. तिन्ही आकडे रोज जुळणार नाहीत. मग प्रत्येक फरकाचे कारण शोधायला सांगावे. मोजणाऱ्याची चूक, नोंदीची चूक, की 'हजर' या शब्दाचा अर्थच तिघांनी वेगळा घेतला? उशिरा आलेला मुलगा हजर की गैरहजर? एकच नियम पाळावा. कारण सापडेपर्यंत कोणालाही खोटा म्हणायचे नाही. माहिती म्हणजे काय हे मुलांना यातून जितके कळेल तितके कोणत्याही व्याख्येने कळणार नाही.

झुबॉफ यांचे पुस्तक आजही वाचावे असेच आहे. पुढे २०१९ मध्ये त्यांनी पाळतीवर उभ्या राहिलेल्या भांडवलशाहीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याची बीजे येथे आहेत. मात्र हे पुस्तक वाचताना दारावर धडक देणाऱ्या त्या कामगाराजवळ थोडे अधिक थांबावे. लेखिका त्याला सहानुभूतीने निरोप देऊन पुढे जाते. आम्हाला वाटते, नियंत्रण कक्षात त्याची एक खुर्ची कायमची राखून ठेवायला हवी होती, आणि दारही थोडे लवकर उघडेल असे करायला हवे होते.